शून्य मैलापासून काशीपर्यंत : जुन्या सात नंबर रस्त्याचा प्रवास

नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात, विधानभवनापासून जवळच, वालुकाश्माचा एक स्तंभ आणि त्याच्या शेजारी चार घोडे उभे आहेत. शहरात नव्याने आलेला पाहुणा तेथे छायाचित्र काढतो, ‘हा भारताचा मध्यबिंदू’ असे कोणाकडून तरी ऐकतो आणि पुढे जातो. स्तंभाजवळच्या दगडावर कोरलेली अक्षरे थांबून वाचणारे मात्र थोडेच. त्यांत गावांची नावे आहेत आणि नावांपुढे मैल आहेत. सिवनी ७९, जबलपूर १७०, हैदराबाद ३१८. मूळचा हा दगड मोजणी खात्याचा आहे. १९०७ साली येथे समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी नोंदविली गेली. देशाचा भौगोलिक मध्य नेमका कोठे, याबद्दल मतभेद आहेत. कटनी जिल्ह्यातील करौंदी या गावी तो मानला जातो आणि तेथेही एक स्मारक उभे आहे. गंमत अशी की, नागपूरच्या या दगडावरील ‘जबलपूर १७०’ ही ओळ धरून जो उत्तरेस निघेल, तो जबलपूर ओलांडल्यावर या दुसऱ्या मध्यबिंदूच्याही जवळून जाईल.

या दगडाजवळून सकाळच्या फेरफटक्याला जाणाऱ्यांत निवृत्त मंडळी पुष्कळ असतात. त्यांची प्रवासाची यादी साधारण ठरलेली असते. मुले परदेशी असतील तर तिकडे पाच-सहा महिने, एकदा सम्मेद शिखरजी, एकदा श्रवणबेळगोळ, नातवंडांच्या सुटीत एखादे थंड हवेचे ठिकाण. यांपैकी बहुतेक प्रवास विमानाने किंवा आगगाडीने होतात. मध्ये काय होते, हे झोपेत निघून जाते. घराच्या दाराशी सुरू होणारा आणि दोनशे वर्षांचा इतिहास अंगावर वागविणारा रस्ता हाच प्रवासाचा विषय होऊ शकतो, ही कल्पना आपल्याकडे अजून फारशी रुजलेली नाही.

अमेरिकेत ती पुरती रुजली आहे. तेथे शिकागोहून लॉस एंजेलिसजवळच्या सँटा मोनिकापर्यंत जाणारा ‘रूट सिक्स्टी सिक्स’ हा महामार्ग ११ नोव्हेंबर १९२६ रोजी अस्तित्वात आला. आठ राज्यांतून जाणारा हा २४४८ मैलांचा रस्ता मंदीच्या काळात पोटासाठी पश्चिमेकडे निघालेल्या शेतकऱ्यांनी तुडविला; जॉन स्टाइनबेक यांनी १९३९ च्या कादंबरीत त्याला ‘मातेचा रस्ता’ म्हटले. पुढे रुंद, वेगवान मार्ग झाले आणि जुना रस्ता गावांसह बाजूला पडला. ॲरिझोनातील सेलिगमन या गावाला वळसा घालणारा नवा मार्ग २२ सप्टेंबर १९७८ रोजी खुला झाला, आणि गावातून जाणारी वाहनांची रांग त्या दिवशीच तुटली. १९८५ साली तर महामार्गाचा क्रमांकच सरकारी यादीतून काढून टाकण्यात आला. परंतु सेलिगमनमधील एंजल डेलगाडिलो नावाच्या न्हाव्याने गप्प बसणे नाकारले. १९८७ साली त्याने आसपासच्या लोकांना गोळा करून संघटना उभी केली आणि ‘ऐतिहासिक रस्ता’ अशा पाट्या सरकारकडून लावून घेतल्या. आज जगभरातील निवृत्त माणसे मोटार भाड्याने घेऊन केवळ त्या जुन्या रस्त्याने जाण्यासाठी तेथे येतात. आपली मुले तिकडे राहतात म्हणून गेलेले अनेक मराठी आई-वडीलही त्या पाटीखाली उभे राहून छायाचित्र काढून आणतात.

नागपूरकरांच्या रस्त्याचेही असेच झाले. फक्त येथे पाटी कोणी लावली नाही. वाराणसीपासून कन्याकुमारीपर्यंत २३६९ किलोमीटर जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सात हा एके काळी देशातील सर्वांत लांब महामार्ग होता आणि नागपूर हे त्याच्या वाटेवरील एक मोठे ठाणे होते. २०१० साली महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले. नागपूरहून लखनादौनपर्यंतचा तुकडा चव्वेचाळीस नंबरात गेला, लखनादौन ते जबलपूर चौतीस झाला, जबलपूर ते रीवा तीस. सात हा आकडा तर पंजाबातील फाजिल्काहून बद्रीनाथजवळच्या माणा गावाकडे जाणाऱ्या एका वेगळ्याच मार्गाला मिळाला. ट्रकचालकांच्या आणि साठी ओलांडलेल्या मंडळींच्या तोंडी ‘सात नंबर’ अजून आहे. त्यांच्यानंतर तो कोणाच्याच तोंडी नसेल.

हा रस्ता काय होता, हे समजण्यासाठी आगगाडीच्या पूर्वीचा काळ डोळ्यांपुढे आणावा लागतो. वऱ्हाड-नागपूरचा कापूस त्या काळी मुंबईकडे जाण्याऐवजी बैलांच्या पाठीवरून उत्तरेस मिर्झापूरला जात असे. बंजाऱ्यांचे तांडे शेकडो मैल चालून गंगेच्या काठी पोहोचत आणि तेथून माल नावांनी कलकत्त्याकडे निघे. मिर्झापूर ही त्या व्यापाराची मोठी पेठ होती. दक्षिणेतून काशीला निघालेले यात्रेकरूही हीच वाट धरीत. नागपूरच्या भोसल्यांची सत्ता सिवनी, जबलपूर, मंडला या भागांवर होती, तेव्हा फौजाही याच दिशेने जात-येत. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी आप्पासाहेब भोसल्यांना कैद करून अलाहाबादकडे रवाना केले. मे १८१८ मध्ये वाटेतील एका मुक्कामात पहाऱ्यावरील शिपायांना फितवून आणि शिपायाचाच वेश करून आप्पासाहेब निसटले व महादेवाच्या डोंगरांत शिरले. नागपूरच्या राज्याचे भवितव्य एका रात्रीपुरते या वाटेवर येऊन थांबले होते, असे म्हणता येईल.

आणखी एक गोष्ट आज कोणाला आठवत नाही. मुंबईहून निघालेली आगगाडी १८६७ च्या आरंभी नागपूरला पोहोचली. त्याच वर्षी कलकत्ता-अलाहाबादकडून येणारा लोहमार्ग जबलपूरला आला. मुंबईहून इटारसीमार्गे जबलपूर जोडले गेले ते मार्च १८७० मध्ये. म्हणजे मधली जवळजवळ तीन वर्षे नागपूर हे एका लोहमार्गाचे आणि जबलपूर हे दुसऱ्या लोहमार्गाचे टोक होते, आणि दोहोंमध्ये होता हा १७० मैलांचा रस्ता. या वाटेने मुंबईहून कलकत्त्यास जाणाऱ्याला नागपुरात गाडीतून उतरून डाकेच्या घोडागाडीत बसावे लागे आणि सिवनीमार्गे जबलपूरला पोहोचून पुन्हा आगगाडी पकडावी लागे. लोहमार्ग जोडला गेला आणि या रस्त्याचे महत्त्व ओसरले. सेलिगमनच्या शंभर वर्षे आधी मिर्झापूरने तेच भोगले.

आता प्रत्यक्ष प्रवासाकडे वळू. नागपूर ते वाराणसी हे अंतर जुन्या वाटेने सुमारे साडेसातशे किलोमीटर. तरुण मुले ते दीड दिवसात कापतील. निवृत्त जोडप्याने त्याला सहा-सात दिवस द्यावेत, आणि पहिल्याच दिवशी फार दूर जाण्याचा मोह टाळून केवळ पन्नास किलोमीटरवरील रामटेकला मुक्काम करावा. निवृत्ताजवळ भरपूर असलेली एकच गोष्ट म्हणजे वेळ. ती घरी ठेवून निघण्यात अर्थ नाही. जैन घरांतील दिनक्रम या बाबतीत मोठा उपयोगी पडतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे तर गाडी पाचच्या सुमारास मुक्कामाला लागलीच पाहिजे. अंधारात चारपदरी रस्त्यावर ट्रकांच्या दिव्यांसमोर गाडी हाकणे हे साठीनंतरच्या डोळ्यांना जड जातेच. चौविहार पाळणाऱ्यांवर ती वेळच येत नाही. डब्यात दशम्या, खाकरे, कोरडी चटणी आणि उकळून गार केलेले पाणी असले की, दुपारच्या जेवणासाठी ढाबा शोधण्याचा प्रश्नही उरत नाही.

शहराबाहेर पडताच कामठी लागते. इंग्रजांनी १८२१ साली येथे छावणी वसविली. पुढे कन्हान नदी. येथपासून एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नागपूरकर रोज जे पाणी पितात ते कन्हान आणि पेंच या नद्यांचे. पेंच कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगा उगम पावते ती सिवनी जिल्ह्यात, मुंडारा गावी, या रस्त्यापासून थोड्याच अंतरावर. म्हणजे नागपूरहून सिवनीकडे जाणारा माणूस आपल्याच घरातील नळाचे पाणी जिकडून येते, त्या मुलखाकडे चढत असतो. भंडारा-पवनीकडे ज्या वैनगंगेचे रुंद पात्र पाहिलेले असते, ती मुंडाऱ्याला एका कुंडातून निघालेली पाहणे, हा वाट सोडून घेण्याजोगा अनुभव आहे.

मनसरला महामार्ग सोडून उजवीकडे वळले की रामटेक. मनसरच्या टेकडीवर उत्खननात वाकाटककालीन मोठे अवशेष सापडले असून वाकाटकांची प्रवरपूर ही राजधानी हीच, असे अनेक संशोधकांचे मत आहे. रामटेकचा डोंगर, त्यावरील रामचंद्राचे मंदिर, कालिदासाच्या ‘मेघदूता’तील रामगिरी हाच की दुसरा, ही चर्चा सर्वांच्या परिचयाची आहे. डोंगराच्या पायथ्याशी शांतिनाथ भगवंतांचे प्राचीन दिगंबर जैन अतिशय क्षेत्र आहे. आचार्यश्री विद्यासागरजी महाराजांचा २०१७ चा चातुर्मास येथे झाला, त्यांच्या दीक्षेच्या पन्नासाव्या वर्षी. २२ सप्टेंबरला तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी येथे येऊन दर्शन घेतले होते. विदर्भातील अनेक कुटुंबांची त्या चार महिन्यांची आठवण अजून ताजी आहे. परंतु चातुर्मासाच्या गर्दीत पाहिलेले रामटेक आणि आठवड्यातील साध्या दिवशी, सकाळी सातला, रिकाम्या आवारात पाहिलेले रामटेक ही दोन वेगळी स्थळे वाटतात.

दुसऱ्या दिवशी देवलापार ओलांडल्यावर रस्ता पेंचच्या जंगलात शिरतो, आणि या साऱ्या प्रवासातील सर्वांत विचार करायला लावणारा टप्पा हाच आहे. जुना दुपदरी रस्ता वाघांच्या मुलखातून जात होता. तो चारपदरी करण्याचे ठरले, तेव्हा वनखाते, महामार्ग खाते आणि वन्यजीवप्रेमी यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. प्रकरण न्यायालयात गेले. शेवटी भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासावरून महाराष्ट्रातील टप्प्यात महामार्गच उंच उचलून त्याखालून प्राण्यांसाठी नऊ वाटा ठेवण्यात आल्या. त्यांतील सर्वांत लहान ५० मीटरची, तर सर्वांत मोठी तब्बल ७५० मीटर लांबीची आहे. प्राणी या वाटा वापरतील की नाही, याबद्दल अनेकांना शंका होती. खांबांवर कॅमेरे बसविले गेले आणि २०१९ मध्ये मिळालेल्या छायाचित्रांत अठरा जातींचे वन्य प्राणी खालून जाताना दिसले. चितळ, सांबर, रानडुक्कर, रानकुत्रे, आणि वाघही. मध्य प्रदेशच्या हद्दीत, खवासा ते कुरई या भागात, याच्या जोडीला गाड्यांचा आवाज आणि दिव्यांचा झोत अडविण्यासाठी रस्त्याच्या कडेने उंच आडोसे उभारले आहेत. गाडीतून जाणाऱ्याला त्यामुळे जंगल दिसत नाही, अशी तक्रार काही प्रवासी करतात. ती तक्रार ऐकल्यावर एवढेच म्हणावेसे वाटते की, आडोसे प्रवाशासाठी बांधलेलेच नाहीत.

येथे एका सवयीबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. जंगलाच्या कडेला वानरे बसलेली असतात. गाडी थांबवून त्यांना केळी, फुटाणे, बिस्किटे टाकणे हे पुष्कळ भाविक कुटुंबांना दयेचे काम वाटते. परिणाम असा होतो की वानरे जंगलातील अन्न सोडून रस्त्यावर येऊन बसतात आणि चाकाखाली सापडतात. पिले तर अधिकच. वनखाते वारंवार सांगते की खाऊ घालू नका. जीवदयेचा विचार ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या घरातील गाडीने येथे काच वर ठेवून, ठरलेल्या वेगाने, न थांबता जावे.

कुरईचा घाट चढून रस्ता सिवनीच्या पठारावर येतो. सिवनीचे नाव जगाला ठाऊक झाले ते रुडयार्ड किपलिंग यांच्या १८९४ च्या ‘जंगल बुक’मुळे. मोगली, शेरखान, वैनगंगा हे सारे सिवनीच्या डोंगरांत घडते. मात्र स्वतः किपलिंग येथे कधी आलेले नव्हते. नातवंडांना फोनवरून ‘आज आम्ही मोगलीच्या गावी आहोत’ असे सांगता येते, आणि तिकडच्या टोकाला जो आनंद होतो तो सम्मेद शिखरजीच्या वर्णनालाही होत नाही, हे आजी-आजोबांनी मनावर घेऊ नये. सिवनीत दलसागर हा जुना तलाव आहे आणि बाजारभागात उंच शिखरांचे जैन मंदिर आहे. गावात मराठी समजणारी माणसे अजून भेटतात. भोसल्यांच्या काळापासूनचा हा शेजार आहे. महामार्ग गावाबाहेरून जातो, त्यामुळे हे सर्व पाहण्यासाठी मुद्दाम आत वळावे लागते. बाहेरच्या मार्गाने गेले तर वीस मिनिटे वाचतात आणि सिवनी जाते.

छपाऱ्याला वैनगंगा ओलांडली की लखनादौन. येथे रस्ते फुटतात. चव्वेचाळीस नंबर सरळ नरसिंहपूर-सागरकडे जातो, बहुतेक अवजड वाहतूक तिकडे वळते, आणि जुना सात नंबर उजवीकडे जबलपूरची वाट धरतो. गाडीतील नकाशा दाखविणारे यंत्र येथे नवे क्रमांक सांगते. तोंडात मात्र जुना येतो.

याच टप्प्यात, थंडीच्या दिवसांत किंवा उन्हाळ्याच्या पहाटे, रस्त्याच्या कडेने विहार करणारे मुनिसंघ किंवा आर्यिका संघ भेटण्याची शक्यता असते. मध्य प्रदेश आणि विदर्भ यांना जोडणारी विहाराची ही एक नेहमीची वाट आहे. दुपदरी रस्ता होता तेव्हा गाड्यांचा वेग कमी होता आणि कडेला मातीची पायवाट होती. आता वेग वाढला, आणि कित्येक ठिकाणी कठड्यापलीकडे पाऊल ठेवायला जागाच नाही. विहारातील अपघातांच्या बातम्या समाजाला नव्या नाहीत. चमकणारी जाकिटे घालून, हातात लाल दिवे घेऊन संघाच्या मागे-पुढे चालणारे गावोगावचे तरुण स्वयंसेवक हा त्यावरील आजचा उपाय आहे, आणि तो अपुरा आहे. महामार्ग रुंद करताना प्राण्यांसाठी वाट ठेवावी लागते, हे पेंचमध्ये भांडून मान्य करून घेता आले. पायी चालणाऱ्या माणसासाठीही वाट ठेवावी, हे म्हणणे तेवढ्याच चिकाटीने कोणी अजून मांडलेले दिसत नाही. संघ दिसताच गाडीचा वेग कमी करणे, भोंगा न वाजविणे आणि वंदनासाठी थांबायचे असल्यास गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेणे, एवढे तरी प्रत्येकाच्या हाती आहे.

जबलपूरमध्ये शिरण्याच्या दोन वाटा आहेत. एक शहराला वळसा घालून जाते. दुसरी, जुनी, तिलवारा घाटावर नर्मदा ओलांडून. जुन्याच वाटेने जावे. महात्मा गांधींच्या अस्थींचे नर्मदेतील विसर्जन येथे झाले. जवळच त्रिपुरी आहे, जेथे मार्च १९३९ चे काँग्रेस अधिवेशन भरले आणि तापाने फणफणलेले सुभाषचंद्र बोस अध्यक्ष म्हणून उपस्थित राहिले. तिलवाऱ्यालाच मुलींसाठी चालणारी ‘प्रतिभास्थली’ ही निवासी शाळा आणि दयोदय गोशाळा आहे. दोन्ही आचार्यश्रींच्या प्रेरणेने उभ्या राहिल्या.

पुढे याच नागपूर रस्त्यावर, गढ्याजवळच्या टेकडीवर, ‘पिसनहारी की मढिया’ दिसते. मराठीत सांगायचे तर दळण दळणाऱ्या बाईची मढी. कथा अशी सांगतात की, गावात दळणे दळून पोट भरणाऱ्या एका गरीब म्हातारीने मुनींचा उपदेश ऐकला आणि मंदिर बांधण्याचे ठरविले. जात्यावर मिळालेल्या पैशा-पैशातून तिने ते पुरे केले. कळसावर चढवायला सोने नव्हते, म्हणून जात्याची पाळीच वर बसविली. काळ सुमारे पाच-सहाशे वर्षांपूर्वीचा मानला जातो. राजे-श्रीमंतांच्या नावाची मंदिरे देशात अगणित आहेत. जिचे नावही कोणाला ठाऊक नाही, केवळ कामावरून जिची ओळख उरली, अशा बाईचे हे क्षेत्र आहे. डोंगरावर आज अनेक मंदिरे झाली आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्या सावकाश चढाव्यात. निघताना सर्वांत जुने, लहानसे मंदिर कोणते, ते विचारून तेथे दोन मिनिटे बसावे. जबलपूरला दोन रात्री ठेवाव्यात, म्हणजे भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि हनुमानताल येथील किल्ल्यासारखे भासणारे मोठे जैन मंदिरही होते.

जबलपूर हे ठगांच्या बंदोबस्ताचेही केंद्र होते. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास येथे बसून, माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांकडून रस्त्याकडेच्या पुरलेल्या प्रेतांचे ठिकाण काढून घेतले. सावकारांच्या हुंड्या आणि जडजवाहीर घेऊन जाणारे वाटसरू हे ठगांचे आवडते सावज. ठगी नेमकी किती पसरलेली होती आणि इंग्रजांनी ती किती फुगवून सांगितली, यावर आजचे इतिहासकार वाद घालतात, आणि तो वाद योग्यच आहे. तरी जबलपूर-कटनी मार्गावर स्लीमनाबाद हे गाव आजही त्याच नावाने उभे आहे. रस्त्याच्या दुतर्फा झाडे लावण्याचा त्याला नाद होता. नव्या रुंदीकरणात या देशातील जुन्या सडकांची सावली बहुतेक गेलीच. कोठे एखादे मोठे आंब्याचे किंवा चिंचेचे झाड रस्त्यापासून विचित्र अंतरावर, एकटेच उभे दिसले, तर जुना रस्ता तिकडून जात होता असे समजण्यास हरकत नाही.

सिहोरा-स्लीमनाबादच्या टप्प्यातून बहोरीबंदला वळता येते. तेथे कलचुरी राजा गयाकर्ण याच्या काळातील लेख असलेली शांतिनाथांची भव्य खड्गासन मूर्ती आहे. जवळच रूपनाथ येथे सम्राट अशोकाचा शिलालेख आहे. याच परिसरात, उलट दिशेला, प्रारंभी सांगितलेले करौंदी. तिन्ही ठिकाणे एका दिवसात करण्याचा हट्ट धरू नये.

यापुढचा रस्ता लांब आणि एकसुरी आहे. कटनीचे चुन्याचे कारखाने, सिमेंटची धूळ. मैहरला देवीच्या डोंगराखाली बाबा अलाउद्दीन खाँ यांचे घर आहे. १९१८ च्या साथीत पोरक्या झालेल्या मुलांना गोळा करून बाबांनी वाद्यवृंद उभारला, आणि बंदुकीच्या नळ्यांपासून ‘नलतरंग’ नावाचे वाद्यही बनविले. मैहर बँड आजही चालू आहे. रीव्याला मुक्काम करून सकाळी निघावे, कारण हनुमना सोडल्यावर ड्रमंडगंजचा घाट उतरायचा असतो. विंध्याच्या कडेवरून गंगेच्या मैदानात उतरणारा हा घाट अवजड ट्रकांनी भरलेला असतो. बंजाऱ्यांचे बैल कापसाची ओझी घेऊन विंध्याचे हे घाट कसे उतरत असतील, याचा विचार गाडीचा गिअर बदलताना सहज मनात येतो. मिर्झापूरला पोहोचल्यावर कापसाच्या पेठेची खूण शोधू नये. गंगेवरील घाटांच्या नक्षीदार दगडी कमानी मात्र त्या संपत्तीची साक्ष देतात.

वाराणसीत चार तीर्थंकरांची जन्मस्थाने सांगितली जातात. भेलूपूरला पार्श्वनाथ, भदैनीला सुपार्श्वनाथ, सारनाथजवळ सिंहपुरीला श्रेयांसनाथ आणि गंगेकाठी चंद्रावतीला चंद्रप्रभ. भदैनी येथेच गणेशप्रसादजी वर्णी यांनी १९०५ साली स्याद्वाद महाविद्यालय स्थापन केले. जैन पंडितांच्या कित्येक पिढ्या तेथे घडल्या. चंद्रावती शहरापासून दूर आहे आणि तेथे नदीचा काठ शांत असतो. चारही ठिकाणांना दोन दिवस पुरतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी नावेत बसून घाटांसमोरून जाताना नावाड्याला ‘भोसले घाट’ दाखवायला सांगावे. अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरच्या भोसल्यांनी तो बांधला. नदीतून सरळ वर चढलेली भक्कम दगडी भिंत, लहान खिडक्या, वर लक्ष्मीनारायणाचे मंदिर. आप्पासाहेबांच्या कैदेपूर्वी, आगगाडीपूर्वी, स्लीमनपूर्वी नागपुरातून पायी आणि पालखीत आलेली माणसे येथे उतरत होती. नागपूर कोठे, असे नावाडी विचारतो, तेव्हा नकाशात बोट ठेवण्यापेक्षा ‘सरळ याच रस्त्याने खाली’ असे सांगता येते.

परतताना हीच वाट धरायची असेल तर मिर्झापूरहून पहाटे निघावे. ऊन चढण्यापूर्वी घाट चढून होतो आणि दुपारी मैहरला विसावा मिळतो. ज्यांना पुन्हा गाडी हाकण्याचे बळ नसेल, त्यांनी मुलाला किंवा चालकाला बोलावून घ्यावे आणि स्वतः मागच्या आसनावर बसावे. पेंचच्या टप्प्यात मात्र जागे राहावे.